जिथे उठलात, तिथे ठिपका

बाई, सकाळपासून हा कागद मी तीनदा अर्धा टाकून उठले. एकदा दूध वर आलं म्हणून, एकदा रफीकचा दुकानातून फोन आला म्हणून, आणि तिसऱ्यांदा उगीचच, खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिन्ही ठिकाणी समासात ठिपका दिलाय. तुम्ही आता तपासणार नाही हे मला कळतं, पण इतक्या वर्षांची हाताची सवय आहे.

तुमच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी वारज्याहून येणाऱ्या बसमध्ये होते. "मावशी गेली. सकाळी. झोपेतच." एवढंच बोलून त्याने पुढचा नंबर लावला असणार. मी सदाशिव पेठेत उतरून तुमच्या जिन्यापर्यंत आले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात चढले, जे मी तुम्ही असताना कधी केलं नाही. दारात एक बाई होत्या, तुमच्या नात्यातल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही यांच्या शाळेतल्या का?" मी म्हटलं, "नाही, मी रविवारची." त्यांना काही उमजलं नाही. मलाही समजावून सांगण्याचं त्राण नव्हतं. मी चप्पल काढली आणि आत जाऊन तुमच्या पायांशी बसले.

रविवारची म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. भूगोलाच्या शिक्षिका म्हणून तुम्ही निवृत्त झालात आणि घरी बसून पापड लाटण्याऐवजी पेठेतल्या एका शाळेत रविवारी भरणाऱ्या अभ्यासकेंद्रात येऊ लागलात. आम्ही बाहेरून बी.ए. करणारी मंडळी तिथे यायचो. कंपनीतले फिटर, अंगणवाडीच्या सेविका, एक रिक्षावाले काका, आणि मी, शहनाज, वय चौतीस, एका मुलीची आई. सातवीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं, महिन्याभरात घरी लिहिलेले गृहपाठ तुमच्या टेबलावर ठेवायचे, आणि पुढच्या रविवारी ते तपासून परत घ्यायचे. आमचं कॉलेज ते एवढंच.

पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला विचारलंत, "का शिकताय?" कोणी बढतीसाठी म्हणालं, कोणी मुलाच्या लग्नात पत्रिकेवर नावापुढे लावायला म्हणालं. मी म्हटलं, मुलीच्या अभ्यासात मदत व्हावी म्हणून. तुम्ही मान डोलावलीत. बाई, ते खोटं होतं. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मी खरोखरच वेंधळी आहे का?

माझे अब्बा पोस्टात पत्रं गावांप्रमाणे लावायचे. गावागावांचे खण, आणि प्रत्येक पत्र त्याच्याच खणात. त्यांच्या हातून एखादं पत्र चुकून शेजारच्या खणात पडलं तर दोन दिवस त्यांना घास उतरत नसे. आणि अशा माणसाच्या पोटी मी. घराला कुलूप लावून किल्ली आत विसरणारी, डाळीत मीठ दोनदा घालणारी. दहावीच्या परीक्षेत गणिताचा आलेख मी सुंदर काढला आणि तो कागद उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधायचाच विसरून बाकावर ठेवून आले. तेवढ्या गुणांनी नापास झाले. अब्बा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "इसका ध्यान नहीं रहता." पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हासुद्धा त्यांनी रफीकच्या घरच्यांना आधीच सांगून टाकलं होतं, पोरगी चांगली आहे, पण वेंधळी आहे. प्रामाणिक माणूस! लग्नानंतर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी उरकली, पण ते वाक्य काही पुसलं गेलं नाही.

आणि पहिलाच गृहपाठ तुमच्याकडून परत आला तो विसापैकी अकरा गुण घेऊन. गुण तेवढे लाल शाईत, नियम होता म्हणून. बाकी सगळं तुमच्या साध्या शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात. मी लिहिलं होतं, कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळते. शेजारी तुम्ही लिहिलं होतंत, "कृष्णेला घाट चढवून कोकणात उतरवलंत. तिला विचारलं होतंत का?" मी आधी खो खो हसले आणि मग मला रडू आलं. माझं आजोळ मिरजेचं. कृष्णा कुठून कुठे जाते हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. जे येत नाही ते चुकलं तर माणूस शिकतो, पण जे येतं तेच चुकलं तर काय शिकायचं?

दुसरा गृहपाठही तसाच. "कोणतेही तीन" असताना चार लिहिले. नकाशात उत्तर दिशा दाखवायची राहिली. पावसाचे आकडे उलटे. तिसऱ्यातही तेच. तिसऱ्याच्या वेळी मी तुमच्यापाशी येऊन स्वतःच म्हणाले, "बाई, माझं लक्षच नसतं. लहानपणापासून असंच आहे." मला वाटलं, तुम्ही म्हणाल, जरा लक्ष देत जा. सगळे म्हणतात. तुम्ही म्हणालात, "तास संपल्यावर थांबा. आणि ते आधीचे दोन्ही घेऊन या."

तो रविवार मी विसरणार नाही. वर्ग रिकामा, पंखा बंद, शाळेचा शिपाई झाडू घेऊन दारात ताटकळत उभा. तुम्ही तिन्ही गृहपाठ बाकावर शेजारी शेजारी मांडलेत आणि चष्मा पुसून पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवलंत.

"इथे तुम्ही उठलात."

"म्हणजे?"

"लिहिता लिहिता उठलात. आणि इथे. आणि हे इथे, खालच्या अंगाला."

"बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे आहेत म्हणून. हे बघा, उठण्याआधी अक्षर पळतंय. कुणीतरी बोलावतंय आणि तुम्ही वाक्य उरकताय. मग ही ओळ. ठसठशीत, सावकाश. ही परत आल्यानंतरची. आणि कृष्णा कुठे चुकलीय? दोन्हींच्या मधे. आकडे कुठे उलटलेत? दोन्हींच्या मधे. मधला भाग सोडला तर तुमची एकही चूक मला सापडलेली नाही, आणि मी काही कमी शोधलेलं नाही."

मी वाकून पाहू लागले. मीच लिहिलेले कागद होते, आणि मी ते पहिल्यांदा पाहत होते. तुम्ही आणखी एका ओळीवर बोट ठेवलंत, तिथे शाई जराशी पसरली होती. "इथे हात ओला होता. साडेचारला नळाला पाणी येतं का तुमच्याकडे?"

बाई, येत होतं. बरोबर साडेचारला. तुम्ही आमच्या घोरपडे पेठेतल्या खोल्या तोवर पाहिल्या नव्हत्या. माझ्या सासूचं औषध, सनाची शाळेतून यायची वेळ, कुकर, नळ, असा माझा सगळा दिवस तुम्ही त्या चुकांवरून एकेक करून मला सांगत गेलात, आणि मी नुसती हो हो म्हणत राहिले.  इतक्या वर्षांत घरातल्या माणसांनी माझ्या चुका मोजल्या होत्या, पण त्या कुठून येतात हे पाहायला कोणी वाकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"आता ऐका," तुम्ही म्हणालात. "उठणं काही तुमच्या हातात नाही. पण यापुढे ओळ पुरी करून उठायचं नाही. अर्धी टाकायची. शब्द अर्धा टाकलात तरी चालेल. पुरी केली की डोकं कुलूप लावून निघून जातं आणि परत आल्यावर भलतंच दार उघडतं. अर्धी असली की ती हाताला धरून बसवते. आणि जिथे उठलात, तिथे समासात एक ठिपका द्यायचा."

"ठिपका कशाला?"

"माझ्यासाठी. मला माझं निदान तपासायचंय. माझं चुकलं असेल तर मला कळायला नको?"

शिपाई दारातून म्हणाला, "बाई, केर काढायचाय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काढा की. आम्ही केर नाही." तो पायाखालून झाडू फिरवत गेला आणि तुम्ही पाय वर उचलून पुढचा प्रश्न दाखवत राहिलात.

चौथा गृहपाठ मी ठिपके देऊन लिहिला. नळ आला, "दख्खनच्या पठा" वर टाकून उठले. बादल्या भरून आले आणि "रावर" पुरं केलं. मागच्या तीन ओळी पुटपुटत वाचायच्या, मग पुढे जायचं. पहिल्यांदा फार चमत्कारिक वाटलं. सासू विचारायची, कोणाशी बोलतेस? सना माझी नक्कल करायची. पण बाई, चुका खरोखरच थांबल्या. अगदी सगळ्या नाही, पण घाट चढणाऱ्या नद्या थांबल्या. तुम्ही तो गृहपाठ हातात घेऊन समास वरून खाली पाहत गेलात, बोटाने ठिपके मोजत. बारा पानांत एकवीस. तुम्ही चष्मा काढलात.

"एवढ्या वेळा उठून एवढं लिहिता?" तुम्ही विचारलंत.

"हो."

तुम्ही पुन्हा एकदा समासावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "एकतीस वर्षं मी मुलांना लक्ष द्या, लक्ष द्या म्हणत आले, शहनाजबाई. किती जणांना फुकट बोलले असेन, कोण जाणे." एवढ्या मोठ्या बाई माझ्यासमोर आपली चूक मान्य करत होत्या, तेही माझे ठिपके हातात धरून.  

मग वर्षं गेली. माझे गुण चौदा झाले, सोळा झाले, एकदा अठरा झाले. तुमची पेन्सिल काही थकली नाही. "नकाशा सुबक, पण गोदावरी जरा उपाशी दिसते." "उत्तर चांगलं. शेवटचा परिच्छेद पाहुण्यांना निरोप दिल्यासारखा लांबलाय." मी ते शेरे घरी वाचून दाखवायची आणि रफीक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. तुमच्याबद्दल त्याला इतका आदर वाटायचा की दुकानात कोणी सदाशिव पेठेतल्या माणसांची टिंगल केली तर तो म्हणायचा, आमच्या बाई सोडून.

आणि त्याच रफीकने माझा घात केला. बिचाऱ्याने, प्रेमाने.

त्याचं बाइंडिंगचं दुकान. सुटे कागद त्याला बघवत नाहीत. शेवटच्या वर्षी प्रश्नांची नवी पुस्तिका आली, आणि सरावासाठी म्हणून केंद्रातल्या एका मैत्रिणीने आदल्या वर्षीची दिली होती. दोन्ही पातळ, पिना मारलेल्या, कोपरे दुमडलेल्या. रफीक एक दिवस त्या गुपचूप घेऊन गेला. पिना उपटल्या, मळकी मुखपृष्ठं काढून टाकली, दोन्ही मिळून एक शिवली, कापडी पाठ लावली आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव उठवलं. माझ्या हातात देताना त्याचा चेहरा असा होता, जणू पदवीच देतोय. मी पुस्तक उघडलं, पहिले प्रश्न दिसले ते सोडवले. कोणत्या वर्षाचे हे सांगणारं मुखपृष्ठ दुकानाच्या कचऱ्यात गेलं होतं.

चोवीस पानांचा गृहपाठ. आयुष्यात एवढं चांगलं मी काही लिहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि पहिल्याच पानावर लाल शाईत शून्य.

"बाई, उत्तरं चुकलीत का?"

"नाही. सगळी बरोबर आहेत."

"मग?"

"प्रश्न गेल्या वर्षीचे आहेत. मी हे विचारलंच नव्हतं."

"पण मला येतंय, हे दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. मुखपृष्ठावर वर्ष पाहिलं नाहीत?"

"मुखपृष्ठ नव्हतं."

"कुठे गेलं?"

"नवऱ्याने काढलं."

तुम्हाला हसू आलं, बाई. तुम्ही ते दाबलंत, पण मी पाहिलं. रिक्षावाले काका तर मोठ्याने हसले. आणि माझं डोकं फिरलं. सगळ्या वर्गासमोर मी म्हणाले, "म्हणजे शेवटी तुम्हीही मला वेंधळीच म्हणालात." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी म्हटलेलं नाही. कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवा." मी गृहपाठ पर्समध्ये कोंबला आणि निघून आले. पायऱ्यांवर थांबले, डोळे पुसले, आणि घरी आले. रफीकला सांगितलं, काही प्रश्न चुकले. खरं कारण त्याला दोन वर्षांनी कळलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मैंने तो अच्छे के लिए किया था," आणि नंतर आठवडाभर कोणाचं मुखपृष्ठ काढताना दोनदा विचारत होता.

तुमच्या त्या शून्याने माझी पदवी एका वर्षाने लांबली. गृहपाठ पुन्हा पुढच्या वर्षी द्यावा लागणार होता. मला अब्बांच्या हातात निकाल ठेवायचा होता. त्यासाठीच तर सगळं केलं होतं. चार महिन्यांनी अब्बांचा इंतकाल झाला.

तेराव्या की चौदाव्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. पत्ता कोणाकडून घेतलात, बाई? केंद्रात मी दिलेला तर माहेरचा होता. पिशवी सांभाळत तुम्ही बायकांमध्ये सतरंजीवर बसलात, माझ्या सासूची विचारपूस केलीत, चहा प्यायलात. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आलात, आणि मी जिथे बसून लिहायचे त्या खिडकीखालच्या पाटाकडे पाहिलंत. तिथून नळाकडे. तिथून शेगडीकडे. स्वतःशीच म्हणालात, "हां. नळ सहा पावलांवर. मी पाच धरली होती." मी त्या दिवशी तुमच्यावर प्रचंड चिडलेली होते, तरी ते ऐकून थक्क झाले. ज्या घरात तुम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याचा नकाशा तुमच्या डोक्यात होता आणि तुम्ही तो एका पावलाने दुरुस्त करत होतात.

मग पिशवीतून नव्या वर्षाची पुस्तिका काढलीत. मुखपृष्ठासकट.

"शून्य मी बदलणार नाही," तुम्ही हळूच म्हणालात. "पण हे लिहा."

मी पुस्तिका घेतली. तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा वरून म्हणाले, "तुमच्यामुळे माझ्या अब्बांना कळलं नाही, मी कशी आहे ते." तुम्ही कठड्याला धरून थांबलात, वर पाहिलंत, आणि काहीही न बोलता खाली गेलात. उलट उत्तर न देता तुम्ही गेलात, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी ते लिहिलं. पदवी मिळाली, मग एम.ए. झालं, आणि एक दिवस तुम्ही तुमची रविवारची खुर्ची माझ्या स्वाधीन केलीत. "मला आता जिना होत नाही, आणि तुम्हाला भांडायची सवय आहे. केंद्राला दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागेल." तेव्हापासून गृहपाठ मी तपासते आहे. तेव्हा कुठे मला कळायला लागलं, की ज्याला शून्यच द्यायचं आहे अशा गृहपाठाची चोवीस पानं ओळीनओळ वाचायला काय लागतं. पहिल्या पानावर प्रश्न चुकीचे आहेत हे दिसताच तुम्हाला मिटून ठेवता आला असता. कोणी विचारणार नव्हतं. तुम्ही सगळा वाचलात. मी स्वतः एकदा प्रयत्न करून पाहिला. सातव्या पानापर्यंत टिकले.

मुलं उठतात कुठे, हे मला दहातल्या दोघांतच दिसतं. आणि आता तर वाघोलीच्या कुठल्याशा हॉस्टेलमधून, हिंजवडीच्या ऑफिसमधून टाइप केलेले गृहपाठ येतात, त्यात अक्षर पळतही नाही आणि हात ओलाही होत नाही. मी तुमच्याकडे तक्रार केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग चुका बघा. त्या अजून हातानेच होतात."

वर्षातून चार-पाच वेळा मी तुमच्याकडे यायचे, ईदनंतर शीरखुर्म्याचा डबा घेऊन, दिवाळीनंतर नुसतीच. तुम्ही दार उघडायचात. मी चप्पल काढतानाच म्हणायचे, "बाई, ते शून्य चुकीचं होतं." तुम्ही म्हणायचात, "फेरतपासणीचा अर्ज करा." मी म्हणायचे, "करते." तुम्ही म्हणायचात, "मुदत संपलीय. या, बसा." इतकी वर्षं एवढंच. तुमच्या भाच्याला वाटायचं आपण खरंच भांडतो. तो एकदा जिन्यात मला म्हणाला होता, "जाऊ द्या ना, आता त्या म्हाताऱ्या झाल्या."

मग तुमची नजर गेली. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. चौथ्या पानावरच्या बातमीत माझी एक ओळ सुटली आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "मधलं काहीतरी गेलं. कोणाचा फोन आला होता का?" माझा मोबाईल मांडीवर थरथरला होता, तेवढ्यात. मी पेपर खाली ठेवला आणि तुमच्याकडे पाहत राहिले. तुम्हाला ते दिसत नव्हतं म्हणून मला मनसोक्त पाहता आलं.

गेल्या महिन्यात मी ठरवून आले होते. आज सांगायचंच. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात फार बारीक झाले होते. मी म्हटलं, "बाई, त्या शून्याबद्दल मला एक खरं सांगायचंय." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मुदत संपलीय." मलाही हसू आलं. तेवढ्यात तुमची औषधं घेऊन भाचा आला, आणि मी पुढच्या खेपेला सांगू म्हणून उठले.

आता सांगते. त्या रविवारी पायऱ्यांवर मी फक्त डोळे पुसायला थांबले नव्हते. तुम्ही म्हणाला होतात ना, कुठे लिहिलंय ते दाखवा. मी तिथेच बसून चोवीस पानं उलटली. शेवटच्या पानावर, तळाशी, तुमच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "ठिपके एकोणीस. गळलेली ओळ एकही नाही, उलटा आकडा एकही नाही. हे लिहिणाऱ्या बाईला वेंधळी म्हणण्याचा अधिकार यापुढे कोणालाही नाही. तिला स्वतःलाही नाही." मला आयुष्यभर जे हवं होतं ते तिथे लिहिलेलं होतं. मी ते त्याच दुपारी वाचलं, दोनदा वाचलं, आणि तुमच्याशी अबोला धरला.

अब्बा त्यानंतर चार महिने होते. मी दर शुक्रवारी त्यांच्याकडे जात होते, त्यांचे पाय चेपत होते, आणि तो गृहपाठ माझ्या पर्समध्ये होता. शेवटचं पान त्यांना वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. पत्त्यांची अक्षरं वाचण्यात जन्म गेला होता त्यांचा, त्यांना तुमच्या अक्षरावरूनच कळलं असतं की हे लिहिणारी बाई खोटं लिहीत नाही. पण ते पहिलं पान उघडतील आणि त्यांना शून्य दिसेल, या भीतीने मी पर्सची चेन उघडली नाही. एकाही शुक्रवारी नाही. अब्बांना कळलं नाही ते तुमच्यामुळे नाही, बाई. तुम्ही तर लिहून दिलं होतंत. मी दाखवलं नाही, आणि तुम्हाला जिन्यात ऐकवलं, आणि मग इतकी वर्षं तुम्हाला ते खांद्यावर वाहू दिलं. आणि यात माझं लक्ष नव्हतं असं नाही. पूर्ण लक्ष होतं.